वेरूळच्या गिलाव्यातली भांग

खुलताबादचा घाट उतरला की वेरूळ. येणारे बहुतेक जण कैलास लेण्यासमोर रेंगाळतात आणि दक्षिणेकडची बौद्ध लेणी उरल्या वेळात उरकतात. त्यांतले बारावे लेणे म्हणजे तीनमजली ‘तीनताल’. त्याच्या काळ्या दगडावर एके काळी मातीचा गिलावा होता. त्याचे जे थोडे अवशेष उरले आहेत, त्यांत वनस्पतींचे बारीक तुकडे आणि धागे अडकलेले आहेत. ते कोणत्या वनस्पतीचे, याचा शोध भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागात रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलेले राजदेव सिंग आणि त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारे मिलिंद सरदेसाई यांनी घेतला. मार्च २०१६मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचा लेख आला. उत्तर होते भांग, म्हणजे कॅनाबिस सटायव्हा.

बातमी झाली ती मात्र ‘लेण्यात गांजा’ अशी. गांजा मिळतो तो या झाडाच्या मादीच्या फुलोऱ्यातून. गिलावा करणाऱ्याला हवा असतो तो तंतू, आणि तो खोडाच्या सालीत असतो. चिखल वाळताना आकसतो, त्याला भेगा जातात. धागा असला की तो मातीला धरून ठेवतो. मराठवाड्यात पांढऱ्या मातीच्या भिंती लिंपणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. चिखलात भुसा तुडवल्याशिवाय ते भिंतीला हात लावत नसत.

मला या संशोधनातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ओळख पटवण्याची. शेतात उभे झाड ओळखायला पान, फूल, फळ हाताशी असते. इथे यांतले काहीच शाबूत नाही. शतकानुशतके चिखलात राहिलेला चुरा आहे. शिवाय दोरासाठी लावली जाणारी झाडे आपल्याकडे अनेक. भेंडीच्या कुळातली अंबाडी आहे, शेंगांच्या कुळातला ताग आहे. दोघांच्याही सालीतून लांब, चिवट वाख निघतो. सुट्या धाग्यावरून यातले कोणते झाड हे नुसत्या डोळ्यांना सांगता येणे अवघड.

म्हणून सिंग आणि सरदेसाई यांनी तीन पद्धती वापरल्या. स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली तुकड्यांचा पोत आणि रचना दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक त्याहून कितीतरी बारीक तपशील दाखवतो. अवरक्त किरणांच्या चाचणीत पदार्थ कोणत्या लांबीच्या लहरी शोषतो ते पाहून त्यातले रासायनिक बंध कळतात. या शेवटच्या चाचणीची मर्यादा लक्षात घ्यायला हवी. सेल्युलोज आणि लिग्निन अंबाडीतही असते, तागातही असते. त्यामुळे ‘हा वनस्पतीचा अंश आहे’ इथपर्यंत ती नेते, जात सांगण्यासाठी रचनाच पाहावी लागते. भांगेच्या पानावर वरच्या बाजूला आखूड, वाकडे केस असतात आणि त्यांच्या बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा खडा असतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा भांग ओळखताना हे केस आवर्जून शोधतात. सौम्य आम्लाचा थेंब टाकला की तो खडा फसफसतो. पण जुन्या गिलाव्यावर ही सोपी चाचणी बेभरवशाची, कारण चुन्याचा अंश असेल तर तोही फसफसणार. तिथे तज्ज्ञाच्या नजरेला पर्याय नाही.

आणि नजरेला तुलनेसाठी काहीतरी लागते. भांगेचे ताजे नमुने जालना जिल्ह्यातून आणि दिल्लीच्या परिसरातून आणले गेले आणि बाराव्या लेण्यातल्या तुकड्यांशी ताडून पाहिले गेले. ते जुळले. खात्रीचे नाव असलेला नमुना जवळ नसेल, तर महागडे यंत्रही नुसते सुंदर छायाचित्र देते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर या झाडाची लागवड परवान्याशिवाय करता येत नाही. विद्यापीठांतले वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह आणि ते नीट राखणारी माणसे मला म्हणूनच कोणत्याही उपकरणाइतकीच मोलाची वाटतात.

गिलाव्यात भांगेचे प्रमाण सुमारे १० टक्के असल्याचे संशोधकांनी सांगितले. या लेण्यांचा काळ ते सहावे शतक धरतात. काही अभ्यासक तीनताल त्यानंतरचे मानतात. भांगेमुळे वेरूळच्या गिलाव्याला कीड लागली नाही, अजिंठ्यात भांग वापरलेली नव्हती आणि तिथल्या किमान पाव हिस्सा चित्रांचे किडीने नुकसान केले, असेही त्यांचे म्हणणे आहे. भांगमिश्रित गिलावा उष्णता साठवतो, आगीला दाद देत नाही आणि हवेतला बराचसा कार्बन डायऑक्साइड शोषतो, असेही लेखात म्हटले आहे.

इथे मी जरा थबकतो. वनस्पतीची ओळख हा पुराव्यावर उभा असलेला निष्कर्ष आहे. किडीचे कारण हा अजून अंदाज आहे, मग तो कितीही पटण्यासारखा असो. अजिंठा आणि वेरूळ यांच्यात भांग सोडून फरक पुष्कळ आहेत. अजिंठ्याच्या गिलाव्यात भाताचे तूस आणि गवत आहे. वाघूर नदीच्या घळीतली ओल वेगळी, आणि तिथे चित्रे मुळातच फार मोठ्या क्षेत्रावर आहेत. कार्बन डायऑक्साइड शोषण्यात चुन्याचा वाटा मोठा असतो; त्याचे श्रेय भांगेला द्यायचे तर भांग घातलेल्या आणि न घातलेल्या गिलाव्याची मापे शेजारी शेजारी ठेवावी लागतील.

किडीचा निवाडा त्याहून सोपा आहे. वेरूळ परिसरातली माती घ्यावी. एका वाट्यात भांग, दुसऱ्यात अंबाडी, तिसऱ्यात ताग, चौथ्यात भाताचे तूस कालवावे, पाचव्यात नुसती माती ठेवावी. साऱ्या वड्या सारख्याच ओलाव्यात ठेवून त्यांवर कसर सोडावी आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर कोणती किती खाल्ली गेली ते मोजावे. भांगेपुरती सरकारी परवानगी काढावी लागेल. बाकी सारे साहित्य खुलताबाद तालुक्याच्या आसपास सहज जमवता येईल.