झुडपांनी वाढविला ज्वालेचा वेग

११ डिसेंबर २००५, रविवारची पहाट. लंडनच्या उत्तरेस हर्टफर्डशायरमधील बन्सफील्ड इंधन साठवणूक केंद्रात ९१२ क्रमांकाची टाकी भरून पेट्रोल बाहेर सांडू लागले. पातळी दाखविणारा मापक अडकला होता; धोक्याच्या पातळीला पुरवठा थांबविणारा खटकाही चालला नाही. सकाळी ६ वाजून १ मिनिटाने झालेल्या स्फोटाची भूकंपमापकांवर २.४ रिश्टर इतकी नोंद झाली. ४३ जण जखमी झाले. प्राणहानी टळली, आसपासच्या कार्यालयांत माणसे असती, तर काय झाले असते, ही कल्पनाही करवत नाही.

तपासकांपुढे कोडे होते ते निराळेच. उघड्यावर पसरलेली पेट्रोलची वाफ पेटल्यास मोठा भडका उडतो, पण इमारती उद्ध्वस्त होतील इतका दाब निर्माण होत नाही, असा समज होता. स्थिर मिश्रण जाळत ज्वाला सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर पुढे सरकते. मात्र, तापून प्रसरण पावलेले वायू पुढच्या न जळलेल्या मिश्रणाला ढकलतात. वाटेत अडथळे असले, की त्यांच्याभोवती भोवरे उठतात, ज्वालेचा पृष्ठभाग चुरगळून विस्तारतो, ज्वलन वाढते आणि ढकलण्याचा जोरही. हे चक्र पुरेसे फिरले, तर आघातलहरच पुढचे मिश्रण दाबून पेटवू लागते. हेच डिटोनेशन! त्याचा वेग सेकंदाला सुमारे १८०० मीटर, म्हणजे ध्वनीच्या पाचपटीहून अधिक.

बन्सफील्डला असे अडथळे कोठून आले? संशय गेला तो रस्त्याकडेच्या झाडाझुडपांवर. प्रयोगशाळेतील छोट्या नळीत याची खातरजमा होणे कठीण. ज्वालेला वेग धरण्यापूर्वीच नळी संपते. म्हणून कम्ब्रियातील स्पेडअ‍ॅडम येथे, जेथे एके काळी ‘ब्लू स्ट्रीक’ रॉकेटच्या चाचण्या होत, पॉलिथिनच्या लांबलचक मांडवात खरी झाडे ओळीने उभी करून प्रोपेन व हवेचे मिश्रण भरण्यात आले. दाट फांद्यांतून धावताना ज्वाला वेग घेत गेली आणि अखेर डिटोनेशन झाले. सुरक्षित अंतराचा हिशेब करताना नळ आणि यंत्रे मोजली जात. कुंपणालगतची झुडपे मोजण्याचे कारण कोणाला वाटले नव्हते.

अर्थात, बन्सफील्डच्या प्रत्यक्ष स्फोटात डिटोनेशनच झाले, हे सर्वच तज्ज्ञांना मान्य नाही. हाच वाद जयपूरबाबतही आहे. तेथील सीतापुरा भागातील इंधन केंद्रात २९ ऑक्टोबर २००९ रोजी पेट्रोलच्या गळतीतून वाफेचा प्रचंड ढग पसरला आणि त्याच्या स्फोटात ११ जण मृत्युमुखी पडले. तेथील पडझडही साध्या भडक्याने व्हावी अशी नव्हती.