शिजते खरे, भाजत मात्र नाही

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्न शिजत नाही, नुसते गरम होते, हा समज घरोघरी ऐकू येतो. त्याला कारणही तसेच आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत या यंत्राच्या वाट्याला येते ते फ्रिजमधली कालची आमटी गरम करणे आणि फार तर पापड भाजणे. पण अन्न शिजते म्हणजे त्यात काही ठरावीक बदल होतात. अंड्याच्या पांढऱ्या भागातली प्रथिने साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गोठू लागतात. तांदूळ, बटाटा यांतले स्टार्चचे कण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतात. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन आणखी थोड्या वरच्या तापमानाला सुटते आणि भाजी मऊ पडते. या बदलांना पुरेसे तापमान आणि पुरेसा वेळ लागतो. उष्णता चुलीची, गॅसची की विजेची, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते.

मध्यम आकाराचा बटाटा धुऊन, काट्याने चार-सहा ठिकाणी टोचून ८०० वॅटच्या ओव्हनमध्ये पाचेक मिनिटे ठेवला आणि मग कापला, तर आतला कच्चा, करकरीत गर कुठेच दिसत नाही. तो हाताने कुस्करता येतो, भाजीला चालतो, वड्यालाही चालतो. कुकरमधल्या बटाट्यापेक्षा तो किंचित कोरडा असतो एवढेच. तेव्हा मायक्रोवेव्हमध्ये अन्न शिजते, यात वादाला जागा नाही. प्रश्न आहे तो कोणत्या प्रकारे शिजते, हा.

ओव्हनमधली मॅग्नेट्रॉन नावाची नळी २४५० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या विद्युतचुंबकीय लहरी सोडते. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते. लहरीचे विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने करते आणि हे रेणू त्याच्या दिशेने वळायची धडपड करतात. शेजारच्या रेणूंशी रेटारेटी होते आणि ती ऊर्जा उष्णता बनते. ही वारंवारता पाण्याच्या रेणूची खास ‘आपली’ असते, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते खरे नाही. पाणी याहून कितीतरी जास्त वारंवारतेच्या लहरी अधिक जोमाने शोषते, पण मग सगळी ऊर्जा पृष्ठभागावरच संपली असती. या लहरी रासायनिक बंध तोडण्याइतक्या शक्तिमान नसतात. अन्नात जो बदल होतो, तो उष्णतेने.

हे तंत्र रडारमधून आले. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन बनवणाऱ्या रेथिऑन या अमेरिकन कंपनीतले अभियंता पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये अन्न शिजवण्याच्या या तंत्राचे पेटंट मागितले. खिशातली चॉकलेटची वडी वितळली म्हणून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९४७ मध्ये आलेले ‘रडारेंज’ माणसाएवढे उंच आणि तीनशे किलोंहून जड होते. ओट्यावर मावणारा घरगुती ओव्हन यायला १९६७ साल उजाडले.

मायक्रोवेव्ह अन्न आतून बाहेर शिजवतो, हा दुसरा लाडका गैरसमज. लहरी ओलसर पदार्थात साधारण दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. त्यापुढच्या गाभ्यापर्यंत उष्णता इतर कोणत्याही भांड्यातल्यासारखीच हळूहळू झिरपते. शिवाय लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असल्याने पेटीत दर सहा-एक सेंटिमीटरवर जास्त तापणारे ठिपके तयार होतात. काचेची तबकडी फिरते ती यासाठी. आणि म्हणूनच वाटीतली आमटी कडेला उकळते, पण मध्ये गारच राहते. बर्फ तर या लहरी फारच थोड्या शोषतो. वितळलेले पाणी मात्र झपाट्याने तापते, त्यामुळे गोठवलेल्या पदार्थाची एक कड शिजते आणि दुसरी दगडच राहते.

खरी मर्यादा वेगळीच आहे. पदार्थात पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि साध्या मायक्रोवेव्हमध्ये भोवतालची हवा गार असते. पृष्ठभागावर वाफ निघत राहते, तो कोरडा होऊन तापत नाही. पोळीवरचे डाग, पावाची तांबूस साल, परतलेल्या कांद्याचा खरपूस रंग हे सारे मेलार्ड अभिक्रियेचे काम. प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांच्यातली ही अभिक्रिया १४० अंशांच्या आसपास खरा वेग घेते, तिथवर ओला पदार्थ पोचतच नाही. त्यामुळे मायक्रोवेव्हचे शिजवणे हे उकडणे आणि वाफवणे यांच्या घरातले. ढोकळा पाच-सात मिनिटांत छान फुलतो. वांगेही टोचून ठेवले तर लगेच मऊ होते, पण जाळावर साल करपल्याशिवाय जे होते त्याला भरीत म्हणायला खानदेशात तरी कोणी तयार होणार नाही. फोडणीचेही तेच. तेल पाण्याच्या मानाने या लहरी फारच कमी शोषते; मोहरी तडतडायला गॅसवरची पळीच बरी.

कोरड्या पदार्थांची गोष्ट निराळी. पाणी कमी असल्याने ते शंभर अंश ओलांडू शकतात. शेंगदाणे मायक्रोवेव्हमध्ये उत्तम भाजले जातात, मात्र वरून गोरे दिसत असताना आतून करपलेले निघू शकतात. पॉपकॉर्नच्या पिशवीत लहरी शोषून तापणारा धातूचा पातळ थर असतो, तो तव्याचे काम करतो. कन्व्हेक्शन किंवा ग्रिलची सोय असलेले ओव्हन केक, टिक्के भाजतात ते त्या जोडीच्या तापत्या हवेवर किंवा कांडीवर.

वेग हाही सरसकट गुण नव्हे. पाणी लवकर उकळले तरी तांदळाच्या दाण्याला ते आत घ्यायला लागायचा तेवढा वेळ लागतोच, म्हणून भातात फारशी बचत होत नाही. तूरडाळ तर उतू जाऊन तबकडी भरवते. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांच्या जवळ जाते, तो फायदा इथे नाही. शिवाय ओव्हनची शक्ती ठरलेली असते. एका बटाट्याला पाच मिनिटे लागली, तर चारांना त्याच्या तिप्पट-चौपट. भाज्यांना मात्र हे यंत्र मानवते. पाणी जेमतेम शिंपडायचे असते, त्यामुळे क जीवनसत्त्वासारखे पाण्यात विरघळणारे घटक उकळून ओतून दिलेल्या पाण्याबरोबर वाया जात नाहीत.

उष्णता असमान पसरत असल्याने मांस शिजवताना किंवा शिळे अन्न गरम करताना सावधपणा हवा. झाकण ठेवावे, मध्येच ढवळावे आणि यंत्र थांबल्यावर दोन मिनिटे तसेच राहू द्यावे, म्हणजे कडेची ऊब गाभ्यापर्यंत पोचते. अमेरिकेतल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार उरलेले अन्न सगळीकडे ७४ अंशांपर्यंत तापायला हवे. कवचासकट अंडे मात्र कधीच ठेवू नये. ते आतल्या वाफेने फुटते, कधी कधी बाहेर काढल्यावर, ताटात.