जुन्या गाडीत नवा आवाज: पैसे आधी कुठे लावायचे?

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. भाग ऐकताना आकडे टिपायचे राहून गेले, वायरचे रंग लक्षात राहिले नाहीत, असं बरेच जण म्हणतात. म्हणून जे बोललो तेच जरा नीट लावून इथं ठेवतोय. गाडीजवळ उभं राहून मोबाईलवर वाचता येईल असं.

मी आर्णीचा. आमच्याकडे बऱ्याच घरांत दारात उभी राहणारी पहिली चारचाकी शोरूममधून येत नाही. कोणाची तरी आठ-दहा वर्षं चाललेली वॅगन आर, अल्टो, इंडिका किंवा स्विफ्ट येते. गाडी घरी आली, नारळ फुटला, की दुसऱ्या दिवशी पोरांचा प्रश्न ठरलेला: "भाऊ, स्क्रीन कोणती लावू?"

माझं उत्तरही ठरलेलं आहे. स्क्रीन सगळ्यात शेवटी. जुन्या गाडीत आवाज दारातून आणि वायरमधून सुधारतो, स्क्रीनमधून नाही. हे असं का, तेच आज सांगतो.

आधी गाडी, मग गाणी

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. तुमची गाडी २०११-१२ ची असेल तर हा खर्च दारातच उभा आहे. टायर गुळगुळीत झालेत, ब्रेक खाली जातोय, बॅटरी सकाळी कण्हते, आणि आपण पंधरा हजारांचा सिस्टीम बघतोय, हे काही बरोबर नाही. नागपूर-तुळजापूर महामार्गावर रात्री ट्रकच्या मागं ब्रेक लागला नाही तर डेकवर कोणतं गाणं चालू होतं याला काही अर्थ उरत नाही.

हे झालं असेल तर पुढं चला.

जे आहे ते आधी तपासा

डेकमध्ये बॅलन्स आणि फेडर असे दोन पर्याय असतात. बॅलन्स डावी-उजवीकडे नेतो, फेडर पुढं-मागं. दोन्ही फिरवून एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवा आणि ओळखीचं गाणं लावा. कुठला फाटका वाजतो, कुठला मुका आहे, ते पाच मिनिटांत कळतं. अर्ध्या वेळा "सिस्टीम खराब आहे" म्हणजे एक स्पीकर फाटलेला आणि एका वायरचा सांधा सुटलेला, एवढंच निघतं.

दुसरी गोष्ट, गाडी विकत घेतानाच विचारायची. काही गाड्यांच्या कंपनीच्या डेकला चोरीपासून बचावासाठी कोड असतो. बॅटरी काढली की डेक बंद पडतो आणि तो कोड मागतो. कोडचं कार्ड आधीच्या मालकाच्या कपाटात! व्यवहार होतानाच ते मागून घ्या.

आणि डेक चांगला वाजतोय, फक्त मोबाईल जोडता येत नाही, एवढीच अडचण असेल तर डेक बदलूच नका. ऑक्सचं भोक असेल तर छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लावा, काम झालं. ऑक्स नसेल तर लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर आहे. तो मोबाईलचं गाणं एका रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर सोडतो आणि डेकचा रेडिओ ते पकडतो. आपल्याकडे रिकाम्या जागा भरपूर, म्हणून आवाज बरा येतो. नागपूर जवळ आलं की स्टेशनं वाढतात आणि मध्येच दुसऱ्याचंच गाणं घुसतं. तेव्हा फ्रिक्वेन्सी बदलायची.

दार म्हणजे स्पीकरचा डबा

आता मुख्य मुद्दा. एक सुटा स्पीकर हातात धरून वाजवून पाहा. आवाज चिरका येतो, बेस जवळपास नाहीच. तोच स्पीकर पुठ्ठ्याच्या खोक्याला गोल भोक पाडून त्यावर घट्ट दाबा. लगेच आवाजाला अंग येतं. स्पीकर तोच, डेकही तोच. मग बदललं काय?

स्पीकरचा पडदा पुढं सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची सैल होते. म्हणजे पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी एकमेकींच्या उलट असतात. मध्ये भिंत नसेल तर त्या भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. बेसच्या लहरी लांब असतात, त्यामुळं आधी बेसच जातो.

तुमच्या गाडीचं दार हीच ती भिंत. पण दाराचं पॅनल उघडून पाहा: आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी मोठमोठी भोकं असतात, वर एक पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं, आणि जुन्या गाडीत तेही काचेच्या कामाच्या वेळी कुणीतरी फाडलेलं असतं. बाहेरचा पत्रा टिचकी मारली की डब्यासारखा वाजतो. अशा दारात कितीही महागडा स्पीकर बसवा, पैसे वाया.

उपाय साधा आहे. डॅम्पिंग शीट मिळते, एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला चिकट रबरासारखा थर. स्पीकरच्या मागं, बाहेरच्या पत्र्यावर ती आतून चिकटवायची म्हणजे पत्रा थरथरत नाही. आतल्या पत्र्याची भोकंही तिनंच बंद करायची. डांबराच्या स्वस्त शीट घेऊ नका. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत त्या पाघळतात आणि वास सुटतो.

एक सावधगिरी. दाराच्या अगदी तळाला छोटी छिद्रं असतात, ती बुजवायची नाहीत. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतं आणि तिथूनच बाहेर जातं. ती बुजली की दार आतून गंजतं.

स्पीकर घेताना

दारात बहुतेक साडेसहा इंची स्पीकर बसतो, पण काही छोट्या गाड्यांत जागा त्याहून लहान असते. म्हणून आधी जुना काढून मोजा. खोलीही मोजा. काच पूर्ण खाली केल्यावर स्पीकरचं मॅग्नेट तिला लागलं तर काच फुटेल. मध्ये रिंग लावायची असेल तर प्लास्टिकची घ्या. एमडीएफची रिंग दोन पावसाळ्यांत फुगते.

कोॲक्सियल म्हणजे मोठ्या स्पीकरच्या मध्येच छोटा ट्वीटर. बसवायला सोपा, जुन्या गाडीला पुरेसा. पॅकिंगवरचा मोठा वॅटचा आकडा बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा. ती डेसिबलमध्ये लिहिलेली असते. साध्या डेकवर ८७ वाल्यापेक्षा ९१ वाला स्पीकर जास्त जोरात वाजतो.

जोडताना प्लस-मायनस चुकवू नका. चारपैकी एक स्पीकर उलटा लागला तरी तो हवा ओढतो तेव्हा बाकीचे ढकलतात आणि बेस गायब होतो. शंका असेल तर दीड व्होल्टचा घड्याळातला सेल घ्या. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर खुणा बरोबर आहेत.

"५० गुणिले ४ वॅट" म्हणजे किती?

डेकच्या खोक्यावर ५० × ४ लिहिलेलं असतं. आपण हिशेब करून पाहू. गाडी चालू असताना तिचा व्होल्टेज साधारण १४.४ असतो. डेकमधला साधा ॲम्प्लिफायर स्पीकरला त्यापेक्षा जास्त देऊ शकत नाही. गाण्याची लहर वरखाली होते, म्हणून परिणामी व्होल्टेज १० च्या आसपास येतो. १० गुणिले १० झाले १००, भागिले स्पीकरचे ४ ओहम, म्हणजे २५ वॅट. आतली गळती वजा केली की हाती राहतात २० च्या जवळपास. खरा, सतत मिळणारा आकडा हाच. त्याला आरएमएस म्हणतात. दुकानदाराला विचारायचं: "आरएमएस किती?"

आणि वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला थोडासाच फरक. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. उलट ८७ चा स्पीकर काढून ९० चा लावला की तेच ३ डेसिबल वेगळ्या ॲम्प्लिफायरशिवाय मिळतात.

वायर: इथं गाडी जळते

मामाची २०१० ची वॅगन आर दर चौथ्या दिवशी सकाळी सुरूच व्हायची नाही. घरच्यांना घेऊन माहूरला दर्शनाला जायचं होतं, आणि "बॅटरी बदल" असा सल्ला सगळ्यांनी दिला होता. आम्ही मल्टीमीटर लावला. गाडी बंद, चावी खिशात, तरी ३०० मिलीअँपिअर करंट जात होता. नीट गाडीत तो साधारण ५० च्या आत असायला हवा. दिवसाला सात अँपिअर-तासाच्या वर गेले. बॅटरी ३५ ची. चार दिवसांत खेळ खलास!

कारण डेकच्या मागं होतं. डेकला दोन वेगळ्या वायरींनी करंट मिळतो. पिवळी कायम चालू असते, तिच्यावर डेकची मेमरी टिकते. लाल चावी फिरवल्यावर चालू होते. आधी कुणीतरी दोन्ही एकत्र पिळून पिवळ्याला जोडल्या होत्या, म्हणून डेक झोपतच नव्हता. त्याहून वाईट म्हणजे फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळलेली होती. बॅटरी उतरणं हा त्रास झाला, पण ती तार हा धोका होता. वायर कुठं घासून पत्र्याला लागली तर जळायला फ्यूजच नाही, मग वायर जळते आणि तिच्यासोबत डॅशबोर्ड. मागच्या सीटवर आजी आणि दोन लहान लेकरं बसणार होती. नवी बॅटरी घेतली असती तर गाडी सुरू झाली असती आणि ती तार तशीच राहिली असती.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डेकचे रंग असे असतात: पिवळी कायम, लाल चावीची, काळी अर्थिंग. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती मायनस. गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग वेगळे असू शकतात, म्हणून त्या मोजूनच जोडायच्या.

मेकॅनिकला चार गोष्टी आधीच सांगा:

- गाडीची मूळ वायर कापायची नाही, त्या गाडीचा कपलर आणून जोडायचं.
- नुसती पिळून काळी टेप लावायची नाही. उन्हानं टेपचा गोंद सुटतो. सोल्डर किंवा क्रिंप, वर हीट श्रिंक.
- फ्यूज जेवढ्याचा लिहिलाय तेवढ्याचाच.
- पिवळ्या कपलरच्या एअरबॅगच्या वायरींना हात लावायचा नाही.

वेगळा ॲम्प्लिफायर किंवा बेस ट्यूब लावणार असाल तर तिची जाड वायर थेट बॅटरीवरून येते. तिचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरातच हवा. तो ॲम्प्लिफायरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर.

गाडी शेतात उभी राहत असेल तर अजून एक: उंदीर. आवाज अचानक एका बाजूनं गेला तर स्पीकरला दोष देण्याआधी वायर बघा.

मग स्क्रीन कधी?

रिव्हर्स कॅमेरा हवा असेल तर स्क्रीनचा खरा उपयोग आहे. पण बिनानावाच्या स्वस्त अँड्रॉइड स्क्रीनचं आपल्या उन्हात काय होतं ते पाहा. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त होतं. स्क्रीन अडकते, टच बहकतो, दुपारी काही दिसत नाही. आणि नकाशा, गाणी, फोन हे सगळं तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये त्या स्क्रीनपेक्षा चांगलं चालतं. एक साधा ब्लूटूथचा डेक, एक मजबूत मोबाईल होल्डर, गाणी घरूनच डाउनलोड केलेली. धनोड्याकडं जाताना रेंज गेली तरी अडत नाही. आणि चालवताना व्हिडिओ लावायचा विचारही नको.

बिल मात्र जपून ठेवा. बाहेरून लावलेला सिस्टीम तुमच्या विम्यात आपोआप येत नाही. त्याची किंमत पॉलिसीत वेगळी लिहून घ्यावी लागते. जुन्या गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीची भरपाई मिळतच नाही. चमकणारी महाग स्क्रीन बसस्टँडसमोर लावलेल्या गाडीत दिसते, दारातला स्पीकर दिसत नाही.

दहा हजार हातात असतील तर

माझा क्रम असा. पहिलं, सगळे जुने सांधे उघडून वायरिंग नीट. दुसरं, पुढच्या दोन दारांना डॅम्पिंग. तिसरं, पुढचे दोन चांगले स्पीकर, यात निम्मे पैसे गेले तरी चालतील. चौथं, उरलेल्यात नावाच्या कंपनीचा साधा डेक. मागचे स्पीकर पुढच्या वर्षी. गाडी चालवणारा पुढंच बसतो ना!

आणि सगळं लागल्यावर एक चाचणी. काचा बंद, आवाज तुमच्या आवडीवर, आणि मित्राला मागं उभं करून दुसऱ्या गाडीचा हॉर्न वाजवायला सांगा. ऐकू आला नाही तर त्या खुणेच्या खालीच थांबायचं. मागून येणारी ॲम्ब्युलन्स थांबून हाका मारणार नाही.

तुमची गाडी कोणती, कोणत्या साली आली, आणि सध्या कोणता स्पीकर मुका आहे, ते लिहून कळवा. पुढच्या भागात त्यातल्या तीन गाड्या घेऊन बसू. तोवर बॅलन्स-फेडरची चाचणी तेवढी करून ठेवा. भेटू!