आरोग्य विमा नसल्यास दंड कोणास? : सुरतेतील कामगारांच्या संदर्भात

तापी खोऱ्यातून जाणाऱ्या जळगाव-सुरत लोहमार्गाने गेली अनेक दशके खानदेशातील माणसे रोजगारासाठी सुरतेस जात आली आहेत. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या पट्ट्यातील कित्येक कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थायिक झाली असून त्यांतील पुष्कळजण यंत्रमागांवर, रंगकाम व छपाईच्या कारखान्यांत आणि भरतकामाच्या यंत्रांवर काम करतात. यांपैकी कोणी अंथरुणास खिळला की तो गावाकडे परततो आणि औषधोपचारासाठी उसनवारी होते, प्रसंगी शेताचा तुकडाही गहाण पडतो. सुरतेच्या कारखान्यात कामगाराचा विमा उतरला आहे किंवा नाही, हा प्रश्न त्यामुळे खानदेशातील घराचाही आहे.

विमा न काढणाऱ्यास सरकार दंड करते, अशी एक समजूत अधूनमधून ऐकू येते. तिचे मूळ बहुधा अमेरिकेत आहे. तेथे २०१४ पासून विमा नसलेल्या व्यक्तीस प्राप्तिकराच्या विवरणपत्राबरोबर दंड भरावा लागे. २०१६ साली तो प्रौढ व्यक्तीमागे ६९५ डॉलर किंवा ठराविक मर्यादेवरील उत्पन्नाच्या अडीच टक्के, यांपैकी अधिक असेल तेवढा होता. २०१७ च्या कायद्याने ही रक्कम २०१९ पासून शून्य करण्यात आली.

भारताने निराळा मार्ग पत्करला. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याबाबत अहवाल सादर केला. त्यानंतर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा अधिनियम संमत झाला व २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजनेस प्रारंभ झाला. विमा उतरविण्याची जबाबदारी या कायद्याने मालकावर टाकली आणि कसूर झाल्यास शिक्षाही त्यालाच ठेवली. कामगार हा विम्याचा हक्कदार ठरला, विमा नसल्याबद्दलचा अपराधी नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे.

१ जुलै २०१९ पासून वेतनाच्या पाऊण टक्का अंशदान कामगाराचे व सव्वातीन टक्के मालकाचे, असे प्रमाण ठरविण्यात आले. वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये करण्यात आली होती. मीटरवारीने मजुरी घेणारा विणकर त्यामुळे योजनेबाहेर जात नाही. तुकड्यावरील मजुरी हेही वेतनच होय. ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगारांचे अंशदान भरण्याची जबाबदारीही मुख्य मालकावरच येते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्या कारखान्यात प्रत्येकी १२,००० रुपये वेतनाचे १४ कामगार आहेत असे समजू. प्रत्येकाचे ९० रुपये कापले जातील व मालक ३९० रुपये घालील. म्हणजे दरमहा ६,७२० रुपये भरावयाचे. मालकाने आपला हिस्सा कामगाराच्या पगारातून कापणे बेकायदेशीर आहे. थकबाकीवर व्याज लागते. शिवाय थकबाकीइतक्या रकमेपर्यंत नुकसानभरपाई आकारता येते. कामगाराच्या वेतनातून कापलेली रक्कम न भरणे हा सर्वांत गंभीर अपराध मानला आहे. त्यासाठी किमान एक व कमाल तीन वर्षे कारावास आणि एक लाख रुपये दंड सांगितला आहे. अन्य कसुरीस दोन ते सहा महिने कारावास व पन्नास हजार रुपये दंड आहे.

कराचा संबंध येतो तोही येथेच. १९६१ च्या आयकर अधिनियमाखाली कामगारांकडून कापलेले अंशदान आधी मालकाचे उत्पन्न धरले जाई आणि ते मुदतीत भरले तरच वजावट मिळे. विवरणपत्र दाखल करण्यापूर्वी भरले तरी पुरे, असा युक्तिवाद बरीच वर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२२ रोजी तो अमान्य केला. वरील कारखान्यात कामगारांचा वर्षाचा हिस्सा १५,१२० रुपये होतो. प्रत्येक महिन्याची मुदत चुकविणाऱ्या मालकास त्या निकालाप्रमाणे एवढ्या रकमेवर कर द्यावा लागे, मग ती रक्कम उशिराने भरलेली असली तरीही.

कायदा इतका कडक असूनही सुरतेतील असंख्य कामगार विम्याबाहेर का, याचे एक उत्तर दहा या आकड्यात आहे. सामान्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेसच ही योजना बंधनकारक आहे. त्यामुळे एकाच छपराखाली मधे भिंत घालून दोन नावांनी दोन लहान कारखाने दाखविण्याचा मोह होतो, आणि यंत्रमाग उद्योगात ही युक्ती नवी नाही. परंतु कागदावरील नावे निराळी असली म्हणजे भागते असे नाही. मालकी, व्यवस्थापन, हिशेब व कामगारांची अदलाबदल या गोष्टी पाहून अशा घटकांना एकच मानण्याची भूमिका न्यायालयांनी घेतलेली आहे. खरोखरच दहापेक्षा कमी कामगार असतील, तर मालक व बहुसंख्य कामगार यांच्या संमतीने योजनेत स्वेच्छेने सामील होता येते. या तरतुदीची माहिती फार थोड्यांना असते.

मालकाने नोंदणी केली नाही म्हणून आजारी कामगाराचा हक्क बुडू नये, याचीही व्यवस्था आहे. महामंडळ अशा कामगारास लाभ देऊन त्याचे मूल्य मालकाकडून वसूल करू शकते. मात्र त्यासाठी तो त्या कारखान्यात कामास होता हे सिद्ध व्हावे लागते, आणि रोखीने मजुरी घेणाऱ्याची अडचण नेमकी हीच असते. आजारपणाचा भत्ता वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. परंतु सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान आवश्यक असते. हंगामात गावी जाऊन नव्या कारखान्यात लागणाऱ्या कामगाराने आपला जुना विमा क्रमांकच तेथे द्यावयाचा असतो, कारण नोकरी बदलली तरी क्रमांक बदलत नाही. वेतनचिठ्ठीवर कपात दिसते, पण क्रमांक मिळालेला नाही, असे आढळल्यास ती चिठ्ठी जपून ठेवून महामंडळाच्या शाखा कार्यालयात दाखवावी. गावातील शिक्षकाने किंवा ग्रामसेवकाने अर्ज लिहून दिला, तरी तो तेथे चालतो.