गोळी तीच, गाठ वेगळी

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरच्यांना उपचार सुरू करण्याची घाई होते. ‘गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी होऊ द्या, मग औषध ठरवू,’ असे डॉक्टर म्हणाले, तर ते दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. तसे ते जात नाहीत, हे जेफिटिनिब या गोळीच्या इतिहासावरून कळते.

ही गोळी काही रुग्णांना विलक्षण लागू पडे, बहुतेकांना मुळीच नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना कारण सापडले. गुण येणाऱ्यांच्या गाठीत ‘ईजीएफआर’ या जनुकात बदल झालेला असतो. त्यामुळे पेशीला वाढीचा संदेश सतत मिळत राहतो. गोळी तो संदेश रोखते. २००९ मध्ये आशियातील ‘आयपास’ चाचणीचे निष्कर्ष आले. बदल असलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्णांच्या गाठी गोळीने आकसल्या. बदल नसलेल्यांत हे प्रमाण जेमतेम १ टक्का होते. त्यांच्यासाठी केमोथेरपीच सरस ठरली.

हा बदल बहुधा गाठीपुरताच असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. त्यामुळे मुलाबाळांनी धास्ती घेऊ नये. तुकडा अपुरा असेल तर रक्तावरूनही तपासणी होते. मात्र रक्तात बदल दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असे नव्हे. काही काळाने गाठ गोळीला दाद देईनाशी होते, तेव्हा पुन्हा तपासणी करावी लागते. रुग्णाची प्रकृती थांबण्याजोगी असेल, तर अहवालाची वाट पाहणे हाही उपचाराचाच भाग आहे.