लांब जहाज, आखूड मेंढी

‘शिप’मधला इकार ऱ्हस्व, ‘शीप’मधला दीर्घ, एवढं सांगून इंग्रजीचे गुरुजी पुढच्या धड्याकडे वळायचे. तरी आपल्यापैकी अनेकांच्या तोंडून जहाज आणि मेंढी एकाच आवाजात बाहेर पडतात. भरलेला ‘फुल’ आणि मूर्ख ‘फूल’, यांचीही तीच गत. माझ्या मते यात दोष त्या सूचनेचाच अधिक.

मराठीत ‘फूल’ लांब, पण ‘फुलात’ म्हटलं की उकार आखडतो. दूध-दुधात, जीभ-जिभेवर, तसंच. लांबी बदलली तरी फूल फूलच राहतं. म्हणून लांबीकडे काणाडोळा करायला आपला कान लहानपणीच शिकतो. (ऱ्हस्व-दीर्घापायी गुण गेले ते लिहिताना, बोलताना कुणी टोकलं नाही.) त्यात ‘शिप’, ‘फुल’ हे खीर, दूध यांच्यासारख्या बांध्याचे शब्द. सवयीने त्यांचाही स्वर लांबतो.

इंग्रजीत तरी लांबीचा कुठे भरवसा आहे? शेवटी ट, प, क यांसारखं अघोष व्यंजन आलं की आधीचा स्वर आखडतो. त्यामुळे मारणं या अर्थाच्या ‘बीट’मधला ई मण्याच्या ‘बीड’मधल्या ई-पेक्षा बराच आखूड असतो. पण ऐकू येतो तो ई-च.

मग कान ओळखतो कशावरून? नळाखाली कळशी भरत आली की पाठ फिरवूनही कळतं, कारण आतली हवेची पोकळी लहान होते तसा आवाज चढतो. तोंडात हे काम जीभ करते. ती हलली की पोकळ्यांचा आकार बदलतो आणि ठरावीक कंपनसंख्या जोराने घुमतात. त्यांना फॉर्मंट म्हणतात. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतल्या पीटरसन आणि बार्नी यांनी ७६ जणांकडून १० स्वर म्हणून घेतले आणि १९५२ मध्ये मोजमापं छापली. पुरुषांच्या ‘हीड’मध्ये पहिले दोन फॉर्मंट सरासरी २७० आणि २२९० हर्ट्झ, ‘हिड’मध्ये ३९० आणि १९९०. पहिला चढला, कारण जीभ खाली आली. दुसरा उतरला, कारण ती किंचित मागे सरली.

‘बॅट’साठी मराठीने डोक्यावर अर्धचंद्र घेतला, त्यामुळे ‘बेट’शी तिची गल्लत सहसा होत नाही. इ-ई ही अक्षरं मात्र घरात आधीच होती. अक्षर आहे म्हणजे आवाजही आहे, असं आपण धरून चाललो.

एकदा उलटं करून पाहा. ओठ न फाकवता, जीभ सैल सोडून ‘शिप’चा इ चांगला दोन सेकंद ताणा, तो ई-कडे सरकू देऊ नका. मग ओठ फाकवून, जीभ वर पुढे नेऊन ‘शीप’ झटकन उरका. जहाज लांब झालं, मेंढी आखूड. तरी जहाज जहाजच राहिलं.