नातीचं नाव घालायचंय

सांगली जिल्ह्यातलं एक गाव. कारखान्याचं धुराडं पेटलंय आणि गावाबाहेरच्या माळावर ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहिल्यात. सकाळचे साडेदहा वाजलेत. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारातल्या अंगणवाडीत पंधरा-वीस पोरं गोल करून बसलीत. मी भिंतीला टेकून बसलेय. दारात एक आजी येऊन थांबते. कडेवर तीन वर्षांची नात, मागं नऊ-दहा वर्षांची दुसरी.

"बाई, नातीचं नाव घालायचंय." चपला तिनं पायरीच्या खालीच काढल्यात. आत पाऊल टाकावं की नको, अशी ती घुटमळते.

सेविकाताई हातातली वही बाजूला ठेवून उठतात. "आत या की आजी. कुठनं आलाय?"

"बीडकडून. उसाला आलोत. पोरगा नि सून पहाटंच फडात गेलेत."

नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. दोघंही फडात असल्याशिवाय मुकादमाची उचल फिटत नाही, म्हणून लेकरू एक तर बांधावर किंवा कोपीत. बांधावर साप निघतो, कोयते चालू असतात, मोळ्या भरायला आलेली वाहनं मागं-पुढं होत असतात. आजी हे सगळं सांगत नाही. ती फक्त म्हणते, "फडात जीव थाऱ्यावर राहत न्हाई, बाई."

आता कागद. आजी पदराच्या गाठीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं सुनेचं आधार कार्ड काढते. पोरीचं आधार नाही, जन्माचा दाखला गावाकडं पेटीत. आजीचा चेहरा उतरतो. ताई मात्र कार्ड हातात घेऊन म्हणतात, "आईचं आहे ना, भागतंय. तिकडं अंगणवाडीत जात होती का?" जात होती. मग नव्यानं नोंद करायची गरजच नाही. पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये मूल एका गावाहून दुसऱ्या गावी गेलं की त्याची नोंदही तिकडं पाठवता येते. ताई आजीच्या गावच्या सेविकेला फोन लावतात. पलीकडून आवाज येतो, "हाय हाय, माझ्याकडंच हाय ती. घ्या तुमच्याकडं. आन् वजनाकडं बघा ताई, पावसाळ्यात आजारी व्हती." एकमेकींना कधी न पाहिलेल्या दोन बायका एका पोरीबद्दल असं बोलतात, आणि ऐकताना मला भरून येतं.

वजनकाट्यावर पोर उभी राहायला तयार नाही. मदतनीसताई तिच्या हातात लाकडी ठोकळा देतात, तेव्हा कुठं ती स्थिर होते. दहा किलो चारशे ग्रॅम. ताई दंडाभोवती पट्टी गुंडाळतात. हिरव्या रंगाच्या अलीकडं, पिवळ्यावर खूण येते. पिवळा म्हणजे मध्यम कुपोषण. ताई आजीला घाबरवत नाहीत. "रोज पाठवा. इथं गरम जेवण मिळतंय. वजन दर महिन्याला बघू, आणि डॉक्टर तपासायला आले की हिला पुढं बसवीन."

हे उपकार नव्हेत, हे आजीला कुणी तरी सांगायला हवं. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 चा आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहार मिळालाच पाहिजे, असं तो सांगतो. स्थानिक म्हणजे मूल आज जिथं राहतं तिथली. जन्मगाव तो विचारत नाही. अंगणवाड्या आणणारी एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 ठिकाणी सुरू झाली. पण त्याच्या कितीतरी आधी, 1945 पासून, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि पुढं कोसबाडला हेच काम केलं होतं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. कोपीसमोरचं अंगणही त्यातलंच.

मोठी पोर एवढा वेळ खिडकीपाशी उभी आहे. शेजारच्या वर्गात पाढे चाललेत, तिचे ओठ हलतायत. ताईंचं लक्ष जातं. "कितवीत गं तू?"

"चौथीत होते."

"धाकटीला कोण सांभाळणार मग?" आजी मध्येच बोलते. "मी वाढ्याच्या पेंढ्या बांधाया जाते. धाकटीपायी हिची शाळा राहिली."

मदतनीसताई सांगायची वाट बघत नाहीत, शेजारच्या गुरुजींना बोलावून आणतात. गुरुजी दारातूनच म्हणतात, "दाखला मागून आणवू. तोवर वर्गात बसू दे." शिक्षण हक्क कायदाही तेच सांगतो: दाखला नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही. धाकटीचं नाव ॲपमध्ये चढतं आणि मोठी पाढ्यांच्या वर्गात जाऊन बसते. माझ्या मते अंगणवाडीतली एक जागा हंगामात दोन पोरींची असते, आणि धाकटीकडं दुर्लक्ष झालं की शाळा मोठीची सुटते.

पण अंगणवाडी दुपारी सुटते आणि फडातली माणसं दिवेलागणीला परततात. मधले हे तास आजी आपल्या जिवावर काढणार आहे. कोप्यांच्या तळावर दिवसभराचं पाळणाघर हवं, आणि त्याचा खर्च या माणसांच्या घामावर चालणाऱ्या कारखान्यांनी उचलावा, असं मला ठामपणे वाटतं.

खिचडीचं पातेलं येतं. धाकटी ठोकळा सोडत नाही, एका हातानं जेवते. आजी निघते.

तुमच्या शिवारात यंदा तोड लागली असेल, तर एकदा कोप्यांवर जाऊन या. सहा वर्षांच्या आतलं लेकरू कुणाच्या पदरात आहे, ते विचारा आणि गावच्या सेविकेला कळवा. आजीसारखं स्वतःहून दारात यायचं धाडस प्रत्येकाला होत नाही.